देखसूत

सात जणांच्या ग्रुपवर मी एकच प्रश्न टाकला होता. १९ ते २१ एप्रिल, शुक्रवार ते रविवार, दुबई. कोण कोण येणार? दोन उत्तरं ‘बघू’ अशी आली, दोन ‘जोईशुं’ अशी, आणि एक ‘देखसूत’. नवरदेवानं नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं. सुरतेत वाढलेल्या आम्हा खानदेशी पोरांच्या तोंडी तीन भाषा असतात: शाळेतली मराठी, बाजारातली गुजराती आणि घरातली अहिराणी. तिन्ही भाषांत हा शब्द आहे आणि तिन्ही भाषांत तो सारखंच काम करतो. त्यात हो नसतं, नाही नसतं, आणि कधी सांगणार तेही नसतं. ही गोष्ट २०२४ सालची. माझा राग अजून गेलेला नाही.

आमच्या वडील मंडळींना जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीकाठच्या रेल्वेनं इथं आणलं. ती लूमच्या खात्यात, डाईंग मिलमध्ये, साड्यांच्या मार्केटात लागली आणि लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादऱ्यात स्थिरावली. आमची पिढी त्याच कामांत एखादी पायरी वर चढली. नवरदेव मिलमध्ये कलर मास्टर आहे. मी रिंग रोडच्या एका मार्केटात हिशेब लिहितो. एकाची एम्ब्रॉयडरीची दोन मशिनं आहेत, एक दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासतो, एक हिरे घासायच्या घंटीवर बसतो, आणि दोघं वराछ्याचे गुजराती, क्रिकेटच्या मैदानावर भेटलेले. सातांपैकी विमानात बसलेला एकच होता, तोही सुरत-दिल्ली.

आधी लग्न झालेल्या दोघांना आम्ही त्यांच्या लग्नाआधी दमणला नेलं होतं. सुरतेतल्या पोरांचा तोच रिवाज आहे: वापीपर्यंत गाडी, पुढं रिक्षा, एक रात्र, परत. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि तिचा कायदा १९४९ सालचा, मुंबई राज्याचा. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली, तेव्हा गुजरातेनं तो तसाच पुढं चालवला. त्यामुळे इथं कुणाच्याही लग्नाआधीची मजा राज्याच्या सीमेबाहेरच असते, हे आम्ही गृहीत धरूनच मोठे झालो. पण आमचा हा नवरदेव पीत नाही. दमणमध्ये तो दोन्ही वेळा सोडा घेऊन समुद्राकडे बघत बसला आणि रात्री सगळ्यांना उचलून खोलीत नेलं. त्याला बुर्ज खलिफा बघायचा होता. २०१० च्या जानेवारीत ती ८२८ मीटरची इमारत उघडली, तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्यानं पेपरातलं तिचं चित्र कापून कंपासपेटीत ठेवलं होतं. ते चित्र मी पाहिलं आहे. म्हणून दुबई. यात श्रीमंतीचा दिखावा नव्हता, हे मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण नंतर आमच्या पाठीमागे तसंच बोललं गेलं.

शिवाय सोय झाली होती. पूर्वी दुबईला जायचं म्हणजे आधी मुंबई गाठायची. २०१९ च्या फेब्रुवारीत सुरतेहून शारजाचं विमान सुरू झालं. २०२३ च्या १७ डिसेंबरला खजोदचा डायमंड बोर्स आणि विमानतळाची नवी इमारत यांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं, आणि त्याच सुमारास दुबईचं थेट विमानही आलं. डिंडोलीहून विमानतळ तासाभराच्या रिक्षेवर. जे कधी आपलं नव्हतं ते अचानक हाताच्या अंतरावर आलं होतं, आणि मी भुललो.

तारीख काढायला मला चार रात्री लागल्या. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त, म्हणून पंचांगात मुहूर्त नव्हते आणि लग्न एप्रिलच्या अखेरीला धरलं होतं. मार्चअखेर माझी वर्षाची खाती बंद व्हायची, तेव्हा मला मार्केटातून रजा मिळत नाही. ११ मार्चपासून रमजान, तेव्हा तिथं दिवसा गंमत कमी, असं एजंट म्हणाला. ९ एप्रिलला पाडवा. त्या दिवशी घराबाहेर असलेल्याला आमच्याकडे आई बोलते ते वर्षभर. पुढं लगेच ईद, त्या दिवसांत हॉटेलांचे भाव चढलेले. १४ तारखेला आंबेडकर जयंती, आणि लॅबवाला लिंबायतच्या मिरवणुकीचा कार्यकर्ता. १७ ला रामनवमी. उरले १९ ते २१. दुबईतही २०२२ पासून शनिवार-रविवारचीच सुट्टी झाली आहे, आमचं मार्केटही रविवारी बंद असतं. म्हणजे शुक्रवारची एक रजा, बस. सात माणसं, दोन देश, तीन धर्मांचे सण आणि दोन ग्रहांचा अस्त सांभाळून मी हे तीन दिवस शोधून काढले. त्यावर ‘बघू’.

मग पासपोर्ट. एजंटला दोन पानं लागतात, फोटोचं पहिलं आणि आईवडिलांच्या नावाचं शेवटचं. सपाट, चारही कोपरे दिसणारी, चमक नसलेली. हे मी ग्रुपवर तीनदा लिहिलं. पहिला फोटो आला त्यात पासपोर्ट क्रमांकावर अंगठा होता. दुसरा चादरीवर ठेवून काढलेला, फुलाफुलांची चादर, पासपोर्ट कोपऱ्यात. तिसऱ्यानं पासपोर्टचं वेष्टन पाठवलं, बाहेरचं निळं, सिंहमुद्रेचं. फोन केला तर म्हणाला, ‘आहे ना माझ्याकडे, हे बघ.’ एकाच्या पासपोर्टची मुदत पाच महिन्यांत संपत होती आणि तिथं जायला सहा महिने शिल्लक लागतात. हे त्याला सांगितलं तेव्हा त्यानं मलाच विचारलं की हा नियम कशासाठी आहे. एम्ब्रॉयडरीवाल्याच्या पासपोर्टावर नुसतं त्याचं नाव, आडनावाची जागा रिकामी. २१ नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीत पासपोर्टावर एकाच शब्दाचं नाव असलेल्याला पर्यटक म्हणून घेत नाहीत. पुढं वडिलांचं नाव शेवटच्या पानावर असेल तर थोडी सवलत दिली गेली, पण आमचा एजंट म्हणाला, मी हात लावणार नाही, आडनाव घालून आणा. आडनाव घालायचं म्हणजे पासपोर्टच नवा. तो म्हणाला, ‘जोईशुं.’ हा मूळचा अमळनेरचा, घरी आईशी अहिराणीत बोलणारा. पण टाळायचं असलं की गुजराती वापरतो.

मला सगळ्यात जास्त झोंबलं ते पुढचं. येणार की नाही हे ज्यांनी सांगितलं नव्हतं, त्यांच्याच सूचना सर्वांत जास्त. वराछ्याच्या दोघांपैकी एक स्वामिनारायणी, कांदा-लसूण चालत नाही. ते मी समजू शकतो, त्याच्यासाठी तसं जेवण कुठं मिळेल ते शोधून ठेवलं, आठ ठिकाणं, पत्त्यांसह. त्यानं वाचून ‘सरस’ लिहिलं. येतोस का? ‘जोईशुं.’ लॅबवाल्याला खिडकीची जागा हवी होती. एकानं सोन्याचं विचारलं, येताना किती आणता येतं. मी नियम वाचून सांगितलं की दागिन्यांची ती सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्याला असते, तीन दिवसांच्या पाहुण्याला नाही. त्यावर तो नाराज झाला, माझ्यावर. वाळवंटातल्या सफारीवरून तर दोन दिवस भांडण चाललं. मोटारीतून वाळूच्या टेकड्या चढायच्या की उंटावर बसायचं. ज्यांच्या लहानपणच्या सुट्ट्या भुसावळच्या मे महिन्यात गेल्या, पंचेचाळीस अंशांत अनवाणी नळावर पाणी भरायला गेलेली ही पोरं, त्यांना मी विचारत होतो की तुम्हाला सकाळचं ऊन हवं की संध्याकाळचं. दोन दिवसांत एकशे चाळीस संदेश, आणि त्यात ‘मी येतो’ हे दोन शब्द एकदाही नाहीत.

एजंटनं माणशी ६२ हजार सांगितले होते. विमान, व्हिसा, दोन रात्री, सफारी, बुर्जचं तिकीट. त्यावर परदेशी सहलीच्या पॅकेजचा सरकारी कर तेव्हा आगाऊ कापत होते, ५ टक्के, म्हणजे ३,१००. तो आयकराच्या विवरणात परत मागता यायचा, पण आधी खिशातून जायचाच. तिथं हॉटेलात खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहम वेगळे, पर्यटनाचे. हे सगळं मी ओळ-ओळ मांडून पाठवलं, कारण हिशेब लिहिणं हेच माझं काम आहे आणि मित्राला अर्धवट आकडा सांगणं मला पाप वाटतं. त्या दिवशी ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एकानं सुप्रभातचं फूल टाकलं.

नवरदेवाच्या वडिलांनी मला जिन्यात गाठून विचारलं, ‘दुबईले कसाले?’ मी म्हणालो, काका, त्याची इच्छा आहे. ते म्हणाले, मांडवाला मंडपवाला आगाऊ मागतोय, आणि पुढं काही बोलले नाहीत. त्यांनी निदान प्रश्न तरी विचारला. आमच्यापैकी कुणी मला तेवढंही सरळ बोललं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी नवरदेवाचा आणि माझा व्हिसा काढून घेतला, या आशेवर की दोघांचा निघाला की बाकीचे हलतील. हलले नाहीत. विमानाची तिकिटं वाढली. एजंटनं फोन उचलणं कमी केलं. एप्रिल उजाडला तेव्हा बेत मोडला होता, पण मोडला असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही. व्हिसाचे पैसे परत मिळत नाहीत; नवरदेवानं त्याचे द्यायला काढले, मी घेतले नाहीत.

आणि मग १६ एप्रिलला दुबईत पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत नव्हता इतका. धावपट्टीवर पाणी, रस्त्यांवर बुडालेल्या गाड्या, विमानतळ सुरळीत व्हायला जवळजवळ आठवडा गेला. आमच्या ग्रुपला त्या दिवशी जाग आली. पाण्यातल्या मोटारींची चित्रं, चित्रफिती, ‘वाचलो रे’, ‘देवाची कृपा’. संध्याकाळपर्यंत ठरूनही गेलं की आपण निघणारच होतो, पावसानं घात केला. लग्नात पाहुण्यांना हेच सांगितलं गेलं, माझ्यादेखत, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात हळहळ होती. वाळवंटात पडलेल्या पावसाला दोष देणं मला मान्य नाही. त्याच्या महिनाभर आधी ज्यानं त्यानं आपल्या अंगठ्यानं तो बेत मोडला होता.

लग्न नंदुरबारला होतं. हळदीच्या दिवशी आम्ही सहा जण उधन्याहून गाडीत बसलो. बारडोली, व्यारा, सोनगढ करत दुपारी नवापूरला आलो. नवापूरच्या स्टेशनावरून दोन राज्यांची हद्द जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरची खोली गुजरातेत, आणि फलाटावरचं एक बाक अर्धं इकडं, अर्धं तिकडं. लहानपणी आम्ही गावी जाताना त्या बाकावर पाय फाकून बसायचो, एक पाय आजोळी, एक पाय घरी. गाडी थोडी थांबली तसे मी आणि घंटीवाला खाली उतरलो.

मी त्याला तेव्हा विचारलं. बाकीच्यांचं जाऊ दे, तू असं का केलंस? तो माझा बालवाडीपासूनचा मित्र. ‘देखसूत’ लिहिणारा तो एकटाच होता, आणि घरच्या भाषेत लिहिलंय म्हणजे हा येणार, असं मी धरून चाललो होतो.

तो म्हणाला, दिवाळीची सुट्टी लांबली होती ना, ती लांबतच गेली. मला त्यातलं अर्धं माहीत होतं. २०२३ मध्ये १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर हिरे उद्योगानं कच्च्या मालाची आयात स्वतःहून थांबवली होती, कारण पॉलिश केलेला माल विकला जात नव्हता. ते पेपरात आलं होतं. पण घंटीवर बसणाऱ्याला नगावर मजुरी असते, माल नाही तर पगार नाही, हा हिशेब मी, हिशेब लिहिणारा माणूस, त्याच्या नावासमोर मांडला नव्हता. जानेवारीपासून त्याला आठवड्याचे चार दिवस काम होतं, मार्चमध्ये तीन. घरी बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी तो डबा घेऊन निघायचा आणि कामाचा दिवस नसला की मिनी बाजारात उभा राहून संध्याकाळी परत यायचा.

‘मग सांगायचं होतंस,’ मी म्हणालो. ‘सगळ्यांसमोर नाही, मला एकट्याला. आपण दमणला गेलो असतो.’

गाडीनं शिटी दिली. तो बाकावरून उठला, पँट झटकली आणि डब्याचा दांडा धरून मला हात दिला.

‘दमणचेही नव्हते, भो.’