ढेरी सुटावी म्हणून: होतकरूंसाठी पहिले धडे

ढेरी एकट्याच्या जिवावर सुटत नाही. तुमच्या शरीरात स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी आणि जिवाणू ३८ लाख कोटी, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात मुक्कामाला. म्हणजे बहुमत त्यांचे. ते पोटभर जेवत राहिले तर तुमची मेहनत पाण्यात. तेव्हा आधी त्यांना उपाशी मारायला शिकू.

१. अंगाने काटकुळे असाल तरी खचू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. तेव्हा वजनकाट्यावर रोज उभे राहा आणि निश्चिंत व्हा. टेपने कंबर मात्र मोजू नका. पुरुषांचे ९० सेंटिमीटर आणि बायकांचे ८० ओलांडले की डॉक्टर उगाच तोंड वाकडे करतात.

२. चाळणी बारीक घ्या. हा सगळ्यात महत्त्वाचा धडा, घाई करू नका. गिरणीतून पीठ आणले की दोनदा चाळा. वर राहिलेला कोंडा गाईला घाला, तिचे भले होईल. ज्वारी-बाजरी पाहुण्यांसाठी, तीही हुरड्याच्या दिवसांत. मेथीच्या काड्या, दोडक्याच्या शिरा, सफरचंदाची साल सरळ कचऱ्यात. कारण हा चोथा आपल्याला पचत नाही, पण जिवाणूंचे जेवणच तो. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. त्या ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जगतात, आणि ही आम्ले जीएलपी-१ नावाचे पोट भरल्याची वर्दी देणारे संप्रेरकही वाढवतात. याच संप्रेरकाची नक्कल करणारी इंजेक्शने हल्ली लोक हजारो रुपये मोजून टोचून घेतात. उसळीत इंजेक्शनाइतका जोर नाही, हे खरे. तरी धोका कशाला पत्करा?

३. आता वाट पाहा. भुकेला जिवाणू स्वस्थ बसत नाही. २०१६ साली संशोधकांनी माणसाच्या आतड्यातल्या १४ जातींचे जिवाणू उंदरांत वसवले आणि खाण्यातला चोथा काढून घेतला. जिवाणूंनी आतड्याच्या भिंतीवरचा चिकट थर खायला सुरुवात केली. घर राखणारी भिंतच पातळ! उंदरांना किती त्रास झाला असेल, या विचाराने आपणही हळहळू या आणि खारी चहात बुडवू या.

४. चहा बिनसाखरेचा घ्या, गोळी टाका. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत सात जणांना आठवडाभर सॅकरिन दिले, तेव्हा चौघांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद घटली. २०१४ सालची गोष्ट. उरलेल्या तिघांनी निराश केले, पण तुम्ही चौघांपैकी असू शकता.

५. उपास करा. साबुदाण्यात स्टार्चखेरीज नाव घेण्याजोगे फारसे काही नाही, त्यामुळे जिवाणूंना एकादशी कडकडीत घडते आणि आपल्याला वाटीभर तुपासकट पुण्य. शेंगदाण्याचे कूट जरा हात राखून, त्यात चोथा असतो.

६. घसा खवखवला की कपाटातली उरलेली अँटिबायोटिकची पट्टी शोधा. डॉक्टरांना विचारू नका. ते ‘व्हायरल आहे, बरे वाटेल’ म्हणतात आणि सगळा बेत फसतो.

७. एवढे करून मन खाऊ लागले तर महागडी प्रोबायोटिक कॅप्सूल आणा आणि वडापावाबरोबर घ्या. वडापावाबरोबरच. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने अशा जुळ्या बहिणी निवडल्या की एक लठ्ठ, दुसरी सडपातळ. त्यांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी वाढली. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यातून सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्यांच्या पोटात शिरले आणि त्यांची चरबी वाढायची थांबली. घाबरू नका! चरबीचे प्रमाण जास्त आणि फळे-भाज्या कमी असा खुराक दिला, तेव्हा त्या चांगल्या जिवाणूंना पाय रोवता आला नाही. म्हणजे भरती कोणाचीही करा, जेवणाचा डबा वाईट ठेवला की काम झाले. माणसांत तर त्याहून सोपे: ॲमस्टरडॅममध्ये लठ्ठ पुरुषांच्या आतड्यात सडपातळ माणसांची विष्ठा सोडली, सहा आठवड्यांनी इन्सुलिन थोडे बरे चालू लागले, वजन होते तिथेच. कॅप्सूल विकणारे हा शेवटचा तपशील सांगत नाहीत, पण त्यांनाही पोट आहे.

८. टिकाऊ परिणाम हवा असेल तर मुलांना आत्तापासून बसवा. स्टॅनफर्डच्या सोननबर्ग दांपत्याच्या प्रयोगशाळेत उंदरांना चार पिढ्या कमी चोथ्याचे खाणे दिले, दर पिढीत जिवाणूंच्या आणखी जाती नाहीशा झाल्या, आणि नंतर भरपूर चोथा घालूनही त्यातल्या बऱ्याच परतल्या नाहीत. तुमच्या घरी कदाचित दुसरी पिढी चालू असेल. तेव्हा शाळेच्या डब्यात नूडल्स द्या, आणि मटकीची उसळ चुकूनही जाऊ देऊ नका.