दिघोरी ते थिंफू, व्हाया नोएडा

नोएडाला एडसिल नावाची कंपनी आहे. 1981 पासूनची, केंद्र सरकारच्या मालकीची, मिनीरत्न दर्जाची. 2025च्या सुरुवातीला तिने जाहिरात काढली. भूतानच्या शाळांसाठी शंभर शिक्षक हवेत. विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संगणक. पदव्युत्तर पदवी हवी, बी.एड. हवे. करार दोन वर्षांचा. पगार महिन्याला सुमारे 1 लाख 40 हजार रुपये.

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीत ही जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर उतरली, तेव्हा पहिला शेरा ठरलेलाच होता. ‘फेक आहे गा हे!’ (दिघोरी म्हणजे दिघोरी मोठी. नागपूरकरांनी कृपया उमरेड रोडवरच्या नाक्याकडे गाडी वळवू नये.) शेरा मारणाऱ्याचा दोष नाही. नोकरीची जाहिरात खरी असेल तर पगार एवढा नसतो आणि पगार एवढा असेल तर जाहिरात खरी नसते, हे इथल्या प्रत्येक बी.एड.वाल्याला अनुभवाने पाठ झालेले आहे. कोणीतरी ‘रजिस्ट्रेशनचे किती मागतात?’ असेही विचारून घेतले. शिक्षकाची नोकरी लागताना पैसे घ्यायचे नसून द्यायचे असतात, ही समजूत आमच्याकडे संस्थाचालकांनी किती चिकाटीने रुजवली आहे!

जाहिरात खरीच होती. मग हिशेब सुरू झाले. धानाच्या मुलखात हिशेब धानातच होतो. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. म्हणजे भूतानचा मास्तर दर महिन्याला साठ क्विंटलच्या वर धान कमावणार. पाऊस न पाहता, तुडतुडा न लागता, आणि चुकाऱ्यासाठी खरेदी केंद्राच्या चकरा न मारता. महाराष्ट्रात हाच एम.एस्सी. बी.एड. कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षणसेवक म्हणून लागला, तर त्याला तीन वर्षे मानधन मिळते वीस हजार. पावणेनऊ क्विंटलही भरत नाही. तेसुद्धा 2023च्या जानेवारीपासून. त्याआधी आकडा नऊ हजारांचा होता. तेव्हाचा हिशेब क्विंटलमध्ये न मांडलेला बरा.

आता गंमत बघा. 2017च्या जनगणनेत भूतानची लोकसंख्या सव्वासात लाखांच्या घरात होती. एकट्या भंडारा जिल्ह्याची 2011 मध्येच बारा लाख. आपल्या जिल्ह्यापेक्षा लहान असलेला एक अख्खा देश एका फटक्यात शंभर मास्तरांची जाहिरात काढतो, पगाराचा आकडा जाहिरातीतच छापतो, अर्जाची शेवटची तारीखही छापतो. आमच्याकडे शिक्षकभरतीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर 2017 मध्ये आणि दुसरी थेट 2023च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात भूतानने एक निवडणूक घेतली, सरकार बदलले, नव्या पंतप्रधानांनी चार वर्षे कारभार केला. ते पेशाने सर्जन. पंतप्रधानपदावर असतानाही शनिवारी शस्त्रक्रिया करायचे. आमचा उमेदवार त्या काळात शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर लॉगिन करत होता. पोर्टलचे नाव ज्याने ठेवले तो माणूस दूरदृष्टीचा होता. पवित्र स्थळी दर्शन मिळते, प्रसाद मिळेलच असे नाही.

पण भूतानला मास्तर कमी का पडले? सकल राष्ट्रीय आनंद मोजणारा हा देश. 2019 मध्ये तिथल्या सरकारने शिक्षकांचे पगार इतके वाढवले की सरकारी नोकरांत मास्तर सर्वांत वरच्या रांगेत जाऊन बसले. आमच्याकडे असा निर्णय झाला असता तर दिघोरीत फटाके फुटले असते. भूतानच्या मास्तरांनी मात्र राजीनामे दिले आणि ऑस्ट्रेलियाची वाट धरली. पर्थमध्ये आता भूतानी माणसांची मोठी वस्ती आहे. आनंद मोजायची फूटपट्टी थिंफूत आहे खरी, पण डॉलर मोजायचे मशीन पर्थला आहे.

तर साखळी अशी आहे. थिंफूचा गणिताचा मास्तर पर्थला जातो. त्याची जागा भरायला नोएडाची कंपनी भारतातून मास्तर शोधते. लाखांदूर-साकोलीचा मास्तर त्या जागेसाठी फॉर्म भरतो. आणि इथल्या पोरांना कोण शिकवणार? काळजी नको, सरकारने तीही सोय करून पाहिली आहे. जुलै 2023 मध्ये जिल्हा परिषद शाळांच्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर कंत्राटी घेण्याचे फर्मान निघाले. वयाची मर्यादा सत्तर. पंचविशीतल्या डी.एड. पोराने वयोमर्यादा उलटून जाईपर्यंत वाट पाहायची आणि पासष्टीतल्या गुरुजींनी पुन्हा खडू हातात घ्यायचा. चौकशी केली तर कळते, त्या पोराला पहिलीत बाराखडी शिकवणारे हेच गुरुजी होते.

फॉर्म भरायला दिघोरीचा आमचा उमेदवार ऑनलाइन सेंटरवर गेला तेव्हा खरा घोळ झाला. तो सवयीने अख्खी फाइल घेऊन गेला होता. डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर, जातवैधता, टीसी, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र. तहसीलच्या पायऱ्या झिजवून जमवलेली ही दौलत. पण थिंफूच्या सरकारला आमच्या नॉन-क्रिमिलेयरचे काय सोयरसुतक? त्यांना गणित येते का आणि ते इंग्रजीतून शिकवता येते का, एवढेच हवे. भूतानच्या शाळांचे माध्यम इंग्रजी आहे. इथे उमेदवार जरा गडबडला. गणित पक्के. पण ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटले की त्याला आपण कोण हेच आठवेना.

तसा हा देश फार परका नाही. भारतीयाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र दाखवून सीमेवर प्रवेशाचा परवाना मिळतो. नोकरीसाठी कामाचा परवाना तेवढा वेगळा. त्यांचे न्गुल्ट्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीने चालते. रेल्वेने हासीमारापर्यंत जायचे, तिथून जयगाव, आणि जयगावात एक कमान ओलांडली की फुंटशोलिंग. परदेश! मुंबईतल्या उमेदवाराला त्यात नवल वाटेल. आमच्या झाडीपट्टीला सीमा इकडून तिकडे सरकताना बघायची सवय आहे. 31 ऑक्टोबर 1956 च्या रात्री भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात झोपला आणि सकाळी मुंबई राज्यात उठला. त्याआधीचा इथला पदवीधर जबलपूरला किंवा रायपूरला मास्तरकी करायला जाई, तेव्हा तो आपल्याच राज्यात असे. आज बावनथडी ओलांडून बालाघाटला गेला तर परराज्यातला. त्यापेक्षा सरळ परदेशात जाणे काय वाईट?

उलट बाजूही ऐका. केंद्रीय नोकऱ्यांच्या जाहिरातीत नागरिकत्वाचा रकाना कोणी वाचत नाही. एकदा वाचा. उमेदवार भारताचा नागरिक असावा, किंवा नेपाळची प्रजा असावी, किंवा भूतानची प्रजा असावी. आयएएस-आयपीएसला भारतीयच लागतो. पण बाकी कितीतरी पदांना थिंफूचा पदवीधर पात्रता प्रमाणपत्र आणून आमच्या पोरांच्या शेजारच्या बाकावर बसू शकतो. येत का नाही? त्याने बहुधा 2023च्या तलाठी भरतीचे आकडे वाचले असावेत. जागा 4,644, अर्ज दहा लाखांच्या वर, आणि परीक्षा शुल्क खुल्या गटाला हजार रुपये. तलाठी राज्याचा, तिथे त्याला प्रवेशच नाही, हे खरे. पण आकडा बघून माणूस सावध होतोच.

सगळ्यात मोठा पेच मात्र सोयरिकीत आला. आमच्या भागात पोरीचा बाप पहिला प्रश्न एकच विचारतो, नोकरी सरकारी आहे का? उमेदवाराच्या मामाने छाती पुढे काढून सांगितले, सरकारी आहे. ‘पण कोणत्या सरकारची?’ मामा अडकले. दिल्लीच्या म्हणावे तर कंपनी नोएडाची, नोएडाच्या म्हणावे तर शाळा भूतानची. शेवटी ते म्हणाले, ‘राजाची आहे जी.’ बाप विचारात पडला. राजाची नोकरी म्हणजे पेन्शन असेल. करार दोन वर्षांचा आहे हे कळल्यावर चहा आला, पोहे आले नाहीत. आमच्या मुलखात वीस हजारांचा कायम होणारा शिक्षणसेवक एक लाख चाळीस हजारांच्या कंत्राटी मास्तराला लग्नाच्या बाजारात आजही हरवतो, आणि त्यात बापाची चूक आहे असे मला वाटत नाही. त्याने कंत्राट हा शब्द रस्त्यांच्या संदर्भात फार जवळून पाहिला आहे.

निकाल अजून लागायचा होता, तेव्हाची गोष्ट. उमेदवार एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होता. तिथे रजिस्टरवर सही एका आकड्यासमोर होते आणि हातात दुसराच आकडा पडतो. तो भूतानला जाणार ही बातमी गावभर झाली. जागा रिकामी होण्याआधीच संस्थेत दोन अर्ज येऊन पडले. किती द्यावे लागतील, हे दोघांनीही विचारले. किती मिळतील, हे एकानेही नाही.