श्री. किरकोळ खर्च यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय श्री. किरकोळ खर्च,
घरखर्चाच्या वहीतला शेवटचा रकाना,
डोंबिवली (पूर्व).

विषय : आपल्या थोर सेवेबद्दल आभार आणि सेवासमाप्ती.

महोदय,

स. न. वि. वि.

एप्रिलपासून आमच्या घरात अंदाजपत्रक लागू झाले, हे आपण जाणताच. सराफाने फुकट दिलेल्या डायरीत पट्टी धरून रकाने आखले : किराणा, दूध, भाजी, वीज, मेंटेनन्स, शाळा, औषधपाणी, घराचा हप्ता. उजवीकडे बोटभर जागा उरली, तिथे आपली नेमणूक झाली. मंजूर रक्कम महिना १,००० रुपये. बाकीची मंडळी साधारण शब्दाला जागली. वीज मे महिन्यात चढली, पण बिल घेऊन समोर उभी राहिली. आपण मात्र महिनाअखेरीस किराण्याच्याही पुढे निघून गेलात, आणि कागदाचा एक कपटा दाखवला नाहीत.

सरकारलासुद्धा जास्तीचे पैसे लागले की पुरवणी मागण्या सभागृहात मांडाव्या लागतात. आरडाओरडा होतो, मग मंजुरी मिळते. आपली मागणी कधी मांडलीच जात नाही. ‘कशात गेले एवढे?’ ‘अगं, किरकोळ होतं.’ चौकशी समिती जागच्या जागी बरखास्त.

आपले उपकार मात्र नाकारता येणार नाहीत. या घरात जी काही शांतता आहे, ती आपल्या आडोशाने आहे. ह्यांचा स्टेशनबाहेरचा वडापाव आणि कटिंग, माझे पार्लर, सासूबाईंच्या भजनी मंडळाची सहल, चिरंजिवांनी मोबाइलच्या खेळात विकत घेतलेली तलवार (ती हातात धरता येत नाही आणि परतही करता येत नाही) ही सगळी आपल्याच पदरात सुखाने नांदली. एकाने दुसऱ्याचे उघड करायचे नाही, असा अलिखित करार होता. संयुक्त कुटुंब म्हणतात ते हेच असावे.

आपले हस्तक कोण, तेही ठाऊक आहे. पूर्वी पाकिटात पाचशेची नोट असली की ती मोडायला जिवावर यायचे. एकदा मोडली की सुटे पैसे संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत, हे अनुभवाने माहीत होते, म्हणून वीस रुपयांचा मोह तिथेच गिळला जाई. २०१६ साली यूपीआय आले आणि मोडायला नोटच उरली नाही. टपरीवरच्या डब्यातून ‘वीस रुपये प्राप्त हुए’ अशी आकाशवाणी होते, अख्ख्या रांगेला कळते, फक्त आमच्या वहीला कळत नाही.

दुसरा हस्तक दहा मिनिटांत दारात येतो. कोथिंबीर हवी होती. ॲप म्हणाले, अजून १२० रुपयांचे घ्या, म्हणजे घरपोच आणण्याचे ३० रुपये वाचतील. वाचवले. कोथिंबिरीबरोबर चीजचा डबा, कसलेसे चिप्स आणि मोजे आले. आता हे भाजीत मांडायचे की कपड्यांत? म्हणून आपल्याकडे पाठवले.

आपण स्वतःला क्षुल्लक म्हणवता, हा निव्वळ विनय. केंद्र सरकारचे २०२३-२४ चे कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षण पाहिले. शहरी घरांच्या खाण्यापिण्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचाही नाही. तो पेये, नाश्ता आणि तयार खाद्यपदार्थांचा आहे. म्हणजे कटिंग आणि वडापाव यांनी गहू-तांदळाला केव्हाच मागे टाकले, आणि आम्ही अजून किलोमागे चार रुपये वाचवायला तांदळाचे दुकान बदलतो आहोत.

आपल्याला वेसण घालायला परदेशी उपायही करून पाहिला. अमेरिकेच्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या कन्येने २००५ साली पुस्तकातून एक सूत्र सांगितले : हाती येणाऱ्या पैशातले ५० टक्के गरजांना, ३० हौसेला, २० बचतीला. सूत्र उत्तम. पण सख्ख्या नणंदेच्या मुलीच्या लग्नातला आहेर गरजेत धरायचा की हौसेत, याचा त्यात खुलासा नाही. हौस म्हणावे तर आमची अजिबात नव्हती. गरज म्हणावे तर सासूबाईंच्या मते ते कर्तव्य, आणि कर्तव्याला टक्केवारी नसते. अखेर आहेरही आपल्याच खात्यात जमा झाला.

इथपर्यंतही चालवून घेतले असते. पण विम्याचा हप्ता आणि गणपती आपल्या नावावर टाकलेले पाहिले आणि माझा संयम सुटला. गणपती अचानक येतात का? पुढच्या वर्षी लवकर या म्हणून आपणच ओरडून सांगतो, कालनिर्णयात तारीख छापून येते, तरी सप्टेंबरच्या हिशेबात मखर, मूर्ती आणि मोदकांचे सामान ‘अनपेक्षित’!

म्हणून खालील व्यवस्था झाली आहे. विमा २४,०००, गणपती-दिवाळी १८,०००, वह्या-गणवेश ९,०००, स्कूटरचा विमा आणि दुरुस्ती ९,०००. एकूण ६०,०००. भागिले बारा, म्हणजे महिना ५,०००. ते पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेतल्या आवर्ती ठेवीत परस्पर जातील. आपली गाठ पडणार नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिना ७०० रुपये हातखर्च मिळेल. त्याचा हिशेब मागायचा नाही, असा ठराव आहे. सूचक सासूबाई, अनुमोदक हे. या घरात त्या दोघांचे असे एकमत मी प्रथमच पाहिले. चिरंजिवांना २००, तलवारीचे वजा जाता. वही रोज लिहायची नाही, रोजच्या लिहिण्यानेच ती बंद पडते. रविवारी सकाळी पोह्यांनंतर फोनमधली यादी उघडून ह्यांनी वाचायची आणि मी मांडायची. मोठ्याने वाचल्यावर ‘चहा, चहा, चहा, भेळ, चहा’ ऐकताना वाचणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. अधिक बोलावे लागत नाही.

सबब, या महिन्यापासून आपला रकाना रद्द करण्यात येत आहे. निरोप समारंभ होणार नाही. झालाच तर त्याचे सामोसे हातखर्चातून.

एक खुलासा मात्र हवा आहे. गेल्या रविवारी वहीच्या त्याच कडेला, ह्यांच्या अक्षरात, ‘संकीर्ण’ नावाचे एक नवे गृहस्थ बसलेले दिसले. नावापुढे ३४० रुपये. चेहरेपट्टी ओळखीची वाटली. ते आपले कोण लागतात, हे उलट टपाली कळवावे.

आपली नम्र,
गृह व अर्थ (दोन्ही खाती)