ब्रेकवरची बोटं

निफाडहून पहाटे साडेपाचला दुधाचे कॅन बांधून निघालेला माणूस चांदोरीच्या टपरीवर थांबतो, तेव्हा त्याला चहापेक्षा चहाचा ग्लास हवा असतो. दोन्ही तळव्यांत धरायला. परवा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एकाला हेल्मेटचा पट्टाच सुटेना. अंगठा पट्टीवर दाबतोय, पण दाबलं गेलंय की नाही हे त्या अंगठ्याला कळत नव्हतं. शेवटी टपरीवाला बाहेर आला आणि त्यानं पट्टा सोडवून दिला. हातात मोजे होते. लोकरीचे, घरी विणलेले, जाडजूड.

हाच माणूस पाच मिनिटांपूर्वी त्याच बोटांनी ब्रेक दाबत होता.

लोकरीचा दोष नाही. लोकर ऊब धरते ती टाक्यांत अडकलेल्या हवेच्या जोरावर. गाडी साठनं पळायला लागली की वारा टाक्याटाक्यांतून घुसतो आणि ती ऊबदार हवा घेऊन जातो. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी 2001 साली स्वीकारलेलं एक सूत्र आहे. त्यानुसार 6 अंश तापमानात ताशी 60 किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला शून्य अंशासारखा लागतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आपण हिवाळ्यात गोधडीत बसून वाचतो. तो पेपर दारात टाकून गेलेल्या पोराच्या बोटांना त्या पहाटे शून्य अंश लागलेला असतो.

आणि बोटं आधीच कमकुवत. बोटांत स्नायू जवळपास नाहीतच. ती हलतात कोपराखालच्या हातातल्या स्नायूंच्या दोऱ्यांवर. त्यामुळे त्यांची स्वतःची ऊब अशी नसते, जी येते ती रक्तासोबत येते. छातीला गारवा लागला की शरीर काळीज वाचवायला धावतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. म्हणून नुसते हात झाकून हात गरम राहत नाहीत. आधी छाती झाका. स्वेटरवरून वारा अडवणारं जाकीट नसेल तर स्वेटर आणि शर्टाच्या मध्ये वर्तमानपत्राची चार पानं सारा. जुना उपाय आहे, पण पक्का. मनगटही उघडं ठेवू नका. तिथे रक्तवाहिनी कातडीच्या अगदी खाली असते, म्हणून तर नाडी तिथे पाहतात. मोजा बाहीच्या आत गेला पाहिजे किंवा बाही मोज्याच्या आत. मधली बोटभर फट अख्खा हात गारठवते.

हातांसाठी दोन थर: आत पातळ सुती किंवा लोकरी मोजा, वर चामड्याचा किंवा रेक्झिनचा. वरचा एक माप मोठा घ्या. घट्ट मोजा रक्त अडवतो आणि बोटं जास्तच गारठतात. पैसे नसतील तर लोकरी मोज्याच्या आत प्लास्टिकचा पातळ हातमोजा घाला. बाहेरून घालू नका, मूठ सटकते.

पण मला खरा उपाय वाटतो तो दिल्ली-पंजाबकडे थंडीत सर्रास दिसणारा. हँडलच्या दोन्ही मुठींवर रेक्झिनची अस्तर लावलेली पिशवी चढवतात आणि हात त्यात घालून गाडी चालवतात. वारा हातापर्यंत पोचतच नाही, मग आत साधा मोजाही पुरतो. आपल्याकडे कुठलाही सीट कव्हर शिवणारा हे काम करू शकेल. फक्त शिवून घेताना तिथेच बसून तपासा: रेस सोडल्यावर मूठ आपोआप मागे येते का, ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबले जातात का, हॉर्न सापडतो का, आणि हात झटक्यात बाहेर निघतो का. यातलं एक जरी अडलं तर ती पिशवी लावू नका.

दोन गोष्टी मात्र आजपासून बंद करा. गारठलेला हात सायलेन्सरवर धरणं. बधिर बोटाला चटका कळतो तोवर कातडी गेलेली असते. आणि शेकायच्या नावाखाली विडी-सिगारेट. तंबाखूतलं निकोटीन त्याच रक्तवाहिन्या आणखी आवळतं. त्यापेक्षा हात काखेत धरा किंवा दोन्ही हात खांद्यातून गरागरा फिरवा, रक्त बोटांच्या टोकापर्यंत जातं.

ताशी 60 च्या वेगात गाडी अर्ध्या सेकंदात 8 मीटर जाते. बधिर बोटांनी ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर केला, तर धुक्यात उभी असलेली उसाची ट्रॉली त्या 8 मीटरमध्ये येते. म्हणून हा प्रश्न सोसण्याचा नाही.

मागे बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चाकाला आडोसा सक्तीचा केला, आणि तो शहाणपणाचा नियम आहे. गारठणाऱ्या हातांचा विचार मात्र कुठल्या नियमात दिसत नाही. निफाडचा बागायतदार द्राक्षाचा घड वाचावा म्हणून पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतो. त्याच बागेशेजारून दूधवाला, पेपरवाला आणि सातची पाळी गाठायला सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे निघालेला कामगार उघड्या हातांनी जातो, आणि त्या हातांची काळजी करणं हे कुणाचंच काम नाही.

ते काम त्यांना राबवून घेणाऱ्यांचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. डेअरीचे चेअरमन, पेपरचे एजंट, कारखान्याचे ठेकेदार: दिवाळीची मिठाई अर्धा किलो कमी द्या, पण डिसेंबर लागायच्या आत प्रत्येकाला वारा अडवणारे मोजे द्या. आणि तुमच्या दारात पहाटे जो येतो, त्याचे हात उद्या एकदा बघा.