एसटीतला रिफ्रेशर

सीएचबीवरचा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक सकाळी एका गावच्या कॉलेजात दोन तास घेतो, एसटी पकडतो आणि दुपारी दुसऱ्या तालुक्यात फळ्यापुढे उभा राहतो. पैसे तासाचे. दोन आठवड्यांच्या रिफ्रेशर कोर्सला बसला, तर बुडालेले तास त्याला कोण भरून देणार? रिफ्रेशरचं प्रमाणपत्र लागतं स्थाननिश्चितीला, म्हणजे पुढच्या श्रेणीत जायला. त्याला मुळात स्थानच नाही.

त्या एसटीतल्या तासासाठी मी पॉडकास्टची बाजू घेतो. बॉनी स्टाहोवियाक या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापिका २०१४पासून दर आठवड्याला 'टीचिंग इन हायर एड' हा पॉडकास्ट चालवतात. ५००हून अधिक भाग झाले, सगळे फुकट. शिकवणारी माणसं तिथं शिकवण्याबद्दलच बोलतात. 'स्मॉल टीचिंग' या पुस्तकाचे लेखक जेम्स लँग तिथं येऊन गेलेत. त्यांचा एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो: मागच्या तासाची उजळणी आपण करायची नाही, मुलांकडून करून घ्यायची. वह्या मिटा, आठवेल ते अर्ध्या पानावर लिहा. आठवण्याच्या त्या झटापटीतच शिकलेलं पक्कं होतं. याला पाच मिनिटं लागतात. प्रोजेक्टर लागत नाही, वर्गात ऐंशी मुलं असली तरी अडत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत २१ दिवसांचं ओरिएंटेशन आहे, रिफ्रेशर आहेत, प्रमाणपत्र मिळणारे ऑनलाइन कोर्सही चालतात. असू देत. पण पॉडकास्टला त्या यादीत ओढू नका. ऐकल्याचे गुण मिळू लागले, की मोबाइल टेबलावर वाजत राहील आणि साहेब पेपर तपासत बसतील.

नुसतं ऐकूनही भागत नाही, हे मान्यच. कानावर पडलेलं सोमवारी वर्गात उतरलं नाही, तर ते गाणं ऐकल्यासारखंच. म्हणून दोघांनी एकच भाग ऐकावा, आपापल्या वर्गात करून पाहावा आणि काय फसलं ते शनिवारी स्टाफरूममध्ये एकमेकांना सांगावं. आपल्याकडे फसलेल्या तासाबद्दल कुणी बोलतच नाही, आणि ते बोलणंच सगळ्यात जास्त शिकवतं.

शिवाय त्या पॉडकास्टवरची चर्चा तिकडच्या वर्गांची आणि इंग्रजीतली. मराठी माध्यमातून बारावी झालेली मुलगी अर्थशास्त्राचं इंग्रजी पुस्तक समोर आलं की वर्षभर गप्प बसते. तिला बोलतं कसं करायचं, हे कॅलिफोर्नियातून कोण सांगणार? सांगू शकणारे आपल्याच स्टाफरूममध्ये आहेत. एक मोबाइल, एक बंद खोली आणि तासभर वेळ, एवढ्यावर कुठलंही कॉलेज मराठीत आपला पॉडकास्ट सुरू करू शकतं. उद्घाटन नको, हारतुरे नकोत. पहिला पाहुणा तो सीएचबीवाला असू द्या, आणि त्या तासाचे पैसे त्याला द्या.