हे ‘इट’ कोण?

नृसिंहवाडीत इंग्रजीवाचून कुणाचं अडत नाही. दत्तमहाराजांचं तर मुळीच नाही. शिरोळ तालुक्याची हद्दच कर्नाटकाला टेकलेली, त्यामुळे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर येणारा भक्त मराठी बोलतो, नाहीतर कानडी. बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी नुसतं बोट दाखवूनही मिळते. तरी आमच्या गल्लीतल्या पेढ्याच्या दुकानावर बसणाऱ्या पोराला इंग्रजी ‘पक्कं’ करायचं आहे. दुपारी देवळाच्या वाटेवरची वर्दळ ओसरली की तो माझ्या ओसरीवर हजर.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. हा त्यानंतरच्या पिढीतला. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवायला बसलो आणि पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं आम्हाला तासून काढलं. चार वर्षं आधी सुरुवात करूनही हा अडतो तो आम्ही अडलो तिथेच. शब्द येतात, स्पेलिंग येतं, पण वाक्य केलं की ‘आय कोल्हापूर गो’. क्रियापद आपलं मुकाट्यानं शेवटी जाऊन बसतं.

हाच पोरगा कानडी मात्र फाडफाड बोलतो, आणि ते त्याला कुणीही शिकवलेलं नाही. चिकोडीकडची मंडळी दिसली की “बर्री, बर्री” सुरू. मी त्याला ते उलगडून दाखवलं. आपलं ‘मी वाडीला जातो’ कानडीत ‘नानु वाडीगे होगतीनि’ होतं. आपण वाडीला ‘ला’ लावतो, ते ‘गे’ लावतात, आणि जाणं दोघांचंही शेवटी. भाषांची कुळं वेगळी, पण वाक्याची मांडणी एकच. तो म्हणाला, “मग इंग्रजांनाच काय झालं हो, सर?”

इंग्रजांना झालं असं की त्यांच्या विभक्ती झिजल्या. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखेच प्रत्यय होते. पुढे ते गळत गेले आणि ‘ही’ऐवजी ‘हिम’ म्हणण्यासारख्या चार-दोन खुणा उरल्या. ‘रावणाला रामानं मारलं’ म्हणा, ‘मारलं रामानं रावणाला’ म्हणा, आपल्याकडे मरतो रावणच. ‘राम किल्ड रावण’ मात्र उलटं करून पाहा, वाल्मीकींना पुन्हा लिहायला बसावं लागेल. मी त्याला देवळातलंच उदाहरण दिलं. सोवळ्यातला पुजारी दारात उभा असो की घाटावर, पुजारी म्हणूनच ओळखू येतो. तुझी-माझी ओळख दर्शनाच्या रांगेतल्या जागेवरून. मराठी शब्द सोवळं नेसून हिंडतो, इंग्रजी शब्दानं रांग सोडली की त्याला कुणी विचारत नाही. रांगेत पहिला कर्ता, त्याच्या पाठीला पाठ लावून क्रियापद, मग कर्म. हे त्याला एकदम पटलं. गुरुवारची गर्दी सांभाळणाऱ्याला रांगेचं महत्त्व काय सांगायचं!

खरी पंचाईत झाली ती पावसाळ्यात. बाहेर धो धो पाऊस, म्हणून मी सहज सांगितलं, “इट इज रेनिंग.” पोरगं थबकलं. “सर, हे इट म्हणजे कोण?”

कुणी नाही, मी म्हटलं.

“कुणी नाही तर लिवायचं कशाला?”

रांगेत पहिली जागा रिकामी ठेवायची सोय नाही, म्हणून. कर्ता नसेल तर इंग्रजी एक बुजगावणं आणून उभं करते. मराठीला ती गरज वाटत नाही. ‘उजाडलं’ एवढं म्हटलं की वाक्य पुरं. कोण उजाडलं, असं कुणी विचारत नाही. ‘मला मळमळतंय’ यातही मळमळणारा कोण ते सापडत नाही. अशा क्रियापदांना आपल्या व्याकरणात भावकर्तृक म्हणतात. 1836 साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून आमच्या पंडितांनी अशा एकेका वाक्यावर भांडणं केली आहेत आणि माझ्या मते ती भांडणं वाचायला कादंबरीपेक्षा बरी.

पोराचं समाधान झालं नव्हतं. पाणी चढत होतं. कृष्णेचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडलं की वाडीत दक्षिणद्वाराचा सोहळा होतो आणि लोक त्या दाराशी स्नानाला धावतात. तो पाण्याकडे बघत हळूच म्हणाला, “इट म्हणजे महाराज असतील का, सर?” व्याकरणाच्या दृष्टीनं नाही, असं मी सांगितलं. त्यापलीकडे माझ्याकडे पुरावा नव्हता.

‘डिड’ लागला की मागच्या क्रियापदानं भूतकाळ खाली ठेवायचा, हे ‘डिड यू वेंट’ असं काही आठवडे विचारून झाल्यावर बसलं. प्रयोग मात्र त्याला मराठीतलेच आवडले. मी पेढा खाल्ला, बर्फी खाल्ली, पेढे खाल्ले. खाणारा तोच, क्रियापद वाकतं ते मिठाईपुढे. इंग्रजीत सगळ्याला एकच ‘एट’. “मराठीला धंदा कळतो,” असा शेरा त्यानं दिला.

परवा दुकानासमोर एक मोटार थांबली. उतरलेल्या मुलीनं पेढ्याकडे बोट करून विचारलं, “इज इट फ्रेश?” पोरानं एक श्वास घेतला आणि ‘येस, इट इज फ्रेश’ हे वाक्य एकही शब्द न सांडता पार पाडलं. एवढ्यात मुलीची आई नवऱ्याला कानडीत काहीतरी म्हणाली, आणि पुढचा सगळा व्यवहार, घासाघिशीसकट, कानडीत झाला. अर्धा किलो गेले. गल्ला बंद करत तो मला म्हणाला, “हे इट खरं होतं, सर. हात लावून बघता येत होतं.”