मुलाखतवाले दादा

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेखालच्या टपरीवर हे दादा भेटतात. खुल्या गटाची 38 वर्षांची वयोमर्यादा जवळ आलेली, खिशाला दोन पेनं आणि एकेकाळी मुलाखतीपर्यंत पोचल्याचं तेज अजून चेहऱ्यावर. अंतिम यादीत नाव का आलं नाही, हे विचारावं लागत नाही. ते आपणहून सांगतात, आणि चूक दरवेळी पॅनेलची निघते.

राज्यसेवेचा वर्णनात्मक पॅटर्न 2023 पासून लागू होणार म्हटल्यावर पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, तेव्हा दादाही बसले होते. तो 2025 वर ढकलला गेला. पण आला तो मुलाखतीचे 100 गुण 275 करून, आणि ज्याला विरोध केला त्यानंच दादांचा भाव वधारला. आता ते पोरांना सांगतात, "मुख्यचे 1750 तुझे, मुलाखतीचे 275 माझे."

सराव मुलाखत रूमवरच होते. दादा अध्यक्ष, म्हणून कॉटवर. खाली सतरंजीवर दोन सदस्य, पैकी एकाच्या खांद्यावर ओला टॉवेल. उमेदवाराच्या अंगात मजल्यावरचा एकमेव ब्लेझर, बाह्या थेट बोटांपर्यंत.

"आयुष्यात ध्येय काय?"

परभणीकडचा पोरगा सरळ सांगतो, "सर, वडिलांचं पीककर्ज फेडायचंय. मग बहिणीचं लग्न, मग माझं."

दादा डोळे मिटतात. "खरं बोललास. पण खऱ्याला गुण नसतात बाळा. पीककर्ज नाही, 'ग्रामीण पतपुरवठ्याच्या प्रश्नांचा जवळून अनुभव'. बहिणीचं लग्न म्हणजे 'कौटुंबिक जबाबदारीची जाणीव'."

"आणि माझं लग्न?"

"यादी लागल्यावर ते आपोआप लागतं."

मेकॅनिकल इंजिनिअर होऊन इकडे का, याचं खरं उत्तर कॅम्पसला कुणी घेतलं नाही, हे. दादांचं उत्तर, 'व्यापक स्तरावर काम करण्याची संधी'. जलयुक्त शिवारचं नाव घेण्याआधी सरकार कुणाचं आहे ते बघायचं. उणीव विचारली तर कामात फार चोख असल्याची कबुली द्यायची, तीही खालमानेनं.

मात्र एक गोष्ट माणूस पक्की सांगतो. पाच वर्षांनी कुठे असाल, या प्रश्नाला 'उपजिल्हाधिकारी' म्हणायचं नाही. "खुर्ची सांगू नको. तिच्यावर बसून कुठली फाईल आधी काढशील, ते सांग." पोरगा गप्प होतो. फाईलचा विचार त्यानं केलेलाच नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे गावच्या चौकातला फ्लेक्स असतो, भावी साहेबांचा हात जोडलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. सगळ्यांचं पहिलं ध्येय तेच असतं. पसंतीक्रमात त्याला रकाना नाही, एवढंच.

दादांच्या हाताखालून गेलेली काही पोरं खरंच नायब तहसीलदार झाली आहेत. तेव्हा तुमच्या घरातलं कुणी मुलाखतीच्या टप्प्यावर असेल, तर महागड्या वर्गाची फी भरण्याआधी दादांना एक चहा पाजा. पॅनेलची गोष्ट ऐकावी लागेल, पण फाईलचा प्रश्न फुकटात मिळेल.